खडे मीठ की पिशवीतलं बारीक मीठ? बीपी, गरोदरपण आणि लोणच्याची बरणी

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांना बीपीचा त्रास, रोज टेल्मिसार्टनची गोळी चालू. सून पाच महिन्यांची गरोदर. त्यात पुण्याहून आलेल्या नणंदेने घरातलं पिशवीतलं बारीक मीठ बंद करायला लावून 'नैसर्गिक समुद्री मीठ' आणवलंय. नणंदेचं म्हणणं असं: रिफाइंड मीठ केमिकलने ब्लीच करतात, साडेसहाशे अंशांवर भाजतात, त्यात सायनाइड घालतात, खड्या मिठात मात्र ८४ खनिजं असतात आणि त्याने बीपी वाढत नाही. यात खरं किती आणि स्वयंपाकघरात ठेवायचं काय, असं ताई विचारतात.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा. सूनबाईंसाठी तर त्यात तडजोड नको. यजमानांसाठी मिठाची जात बदलून काहीही साधणार नाही, त्याचं माप कमी करायला हवं. नणंदबाईंनी आणलेलं खडे मीठ फेकू नका. लोणच्याला ते उत्तम आहे.

माझी नोकरी मिठाच्या तपासणीतच गेली, आधी कच्छकडच्या रिफायनरीत आणि नंतर इथे वडोदऱ्यात प्रयोगशाळेत. त्यामुळे 'नैसर्गिक विरुद्ध रिफाइंड' हा वाद ऐकला की पहिली शंका येते ती ही, की लोकांना रिफाइंड मीठ कशापासून बनतं असं वाटतं? आपल्या देशात खायचं जवळजवळ सगळं मीठ समुद्राच्या नाहीतर जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासूनच तयार होतं. खाणीतलं मीठ आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ निघतं, तेही नगण्य. देशातल्या मिठाचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा एकट्या गुजरातचा. म्हणजे तुमची पिशवी आणि नणंदबाईंची बरणी, दोन्हींची सुरुवात एकाच प्रकारच्या अगरात, म्हणजे मिठागरात, झालेली आहे. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं रिफाइंड मिठाचं झालंय.

अगरात काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग म्हणजे आपलं मीठ, सोडियम क्लोराइड. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार. पाणी उन्हात आटत जातं तसे हे क्षार एकेक करून खाली बसतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी चुना, मग जिप्सम. पाण्याची घनता बोमे मापकावर २५ अंशांच्या आसपास आली की मीठ पडायला लागतं. २९-३० अंशांपर्यंत मीठ काढून घेतात आणि वर राहिलेलं पाणी सोडून देतात, कारण त्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार गोळा झालेले असतात. हे कडू पाणी वेळेवर काढलं नाही तर मीठही कडवट होतं. थोडक्यात, अगरातला माणूस निसर्गाने दिलेलं सगळं घेत नाही. जिप्सम आधी मागे सोडतो, मॅग्नेशियम नंतर. शुद्धीकरण तिथूनच सुरू झालेलं असतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. उरण-पेणच्या आगऱ्यांचं आणि कच्छच्या छोट्या रणातल्या अगरियांचं ज्ञान या बाबतीत सारखंच पक्कं.

छोट्या रणातली तऱ्हा मात्र थोडी वेगळी आहे. तिथे समुद्राचं पाणी आणत नाहीत. विहीर खणून जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, आणि ते समुद्रापेक्षा कितीतरी जास्त खारट असतं. अगरिया कुटुंबं पावसाळा संपला की रणात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. पाट्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, तयार होणारा थर लाकडी दांताळ्याने रोज ओढत राहायचा, म्हणजे दाणा मोठा आणि टणक होतो. खाराघोड्याकडचं हे जाड मीठ वडागरा म्हणून ओळखतात. समुद्रकाठच्या अगरातलं दाण्याने लहान असतं. बाजारात दोन्ही 'खडे मीठ' म्हणूनच विकली जातात, आणि वडागऱ्याच्या बरणीवरही 'समुद्री मीठ' लिहिलेलं मी पाहिलंय.

आता रिफायनरी. हेच कच्चं मीठ ट्रकने येतं. ते संपृक्त मिठाच्या पाण्यात धुतात. साध्या पाण्यात धुतलं तर विरघळून जाईल. धुण्यात माती, जिप्समचा बराच भाग आणि दाण्यावर चिकटलेलं मॅग्नेशियम निघून जातं. मग दळतात, सेंट्रिफ्यूजमध्ये पाणी काढतात, गरम हवेवर वाळवतात आणि पोटॅशियम आयोडेटचा फवारा मारतात. ब्लीचचा यात कुठेही संबंध नाही. स्वच्छ मीठ मुळातच पांढरं दिसतं. साडेसहाशे अंश ही आकडेवारी कुठून आली देव जाणे. मीठ वाळवायला इतक्या उष्णतेची गरजच नसते. वितळायला ८०० अंश लागतात हे खरं, पण मीठ वितळवतंय कोण? शिवाय खनिजं म्हणजे काही दह्यातले जिवाणू नव्हेत की तापवल्यावर मरतील.

दुसरी पद्धत व्हॅक्यूम मिठाची. त्यात खारं पाणी आधी शुद्ध करून मग वाफेवर बंद भांड्यांत कमी दाबाखाली आटवतात. शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर जाते आणि दाणा अगदी एकसारखा येतो. वडोदऱ्याच्या माणसाला यातला एक धागा आवडेल. असं व्हॅक्यूम मीठ जिथे बनतं ते मिठापूर ज्या ओखामंडळात आहे तो सौराष्ट्राच्या टोकावरचा तुकडा गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होता. तिथे सयाजीराव महाराजांच्या काळात, १९२७ मध्ये, कपिलराम वकील यांनी ओखा सॉल्ट वर्क्स सुरू केलं. त्यावर १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली आणि तिथलंच पिशवीबंद आयोडीनयुक्त मीठ १९८३ पासून घरोघर पोचलं.

सायनाइडचं काय? या आरोपाला निदान धागा तरी आहे, म्हणून नीट उत्तर देतो. बारीक मीठ ओल धरून गठ्ठा होऊ नये म्हणून त्यात सुटं ठेवणारा पदार्थ घालतात. काही पिशव्यांवर आयएनएस ५५१ (अन्नात घालायच्या अशा पदार्थांचे ठरलेले क्रमांक असतात) लिहिलेलं असतं, ती सिलिका. काहींवर ५३६ असतं, ते पोटॅशियम फेरोसायनाइड. नावात सायनाइड आहे, पण इथे ते लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात किंवा फोडणीच्या तेलात सुटं होत नाही. त्याची भारतातली मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम. दिवसाला ८ ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात त्यातून फार तर ०.०८ मिलिग्रॅम जाईल. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने किलो वजनामागे ०.०२५ मिलिग्रॅम रोज सुरक्षित धरलंय, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दीड मिलिग्रॅम. आपण त्याच्या पंधरा-वीस पट खाली आहोत. तरीही मनाला पटत नसेल तर ५३६ नसलेली पिशवी घ्या. लेबल वाचायला पैसे पडत नाहीत.

८४ खनिजांवर मला खरं तर चिडायला होतं. अतिसूक्ष्म मोजणारं यंत्र लावलं तर कोणत्याही कच्च्या मिठात डझनावारी मूलद्रव्यं सापडतील, आणि त्या यादीत शिसं, आर्सेनिक हीसुद्धा येतात. संख्या मोठी म्हणजे पोषण मोठं असं होत नाही. प्रमाण बघा. खड्या मिठात मॅग्नेशियम अर्धा टक्का धरलं, आणि हे मी सढळ हाताने धरतोय, तरी ५ ग्रॅम मिठातून २५ मिलिग्रॅम मिळेल. मोठ्या माणसाची रोजची गरज साडेतीनशे-चारशेच्या घरात. मूठभर शेंगदाण्यांतून याच्या दुप्पट मिळतं, बाजरीच्या एका भाकरीतून त्याहून जास्त. मॅग्नेशियमसाठी मीठ खाणं हा उलटा व्यवहार झाला, कारण प्रत्येक ग्रॅम मिठाबरोबर जवळजवळ ४०० मिलिग्रॅम सोडियम येतं.

आणि तेच सोडियम यजमानांच्या बीपीचं मूळ दुखणं. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे खायच्या मिठात, ओल वगळून, किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असावंच लागतं. व्हॅक्यूम मीठ ९९ च्या वर. फरक तीन-चार टक्क्यांचा. काळं मीठ, सैंधव, गुलाबी मीठ, सगळी याच पट्ट्यात कुठेतरी आहेत. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्याने रक्त वाढत नाही. काही लोकांना खडे मीठ घेतल्यावर बीपी थोडं उतरल्याचा अनुभव येतो. तो खोटा नसतो, पण त्याचं कारण चमच्यात आहे. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा ५-६ ग्रॅम भरतो. जाड दाण्यांमध्ये हवा राहते, म्हणून त्याच चमच्यात मीठ कमी मावतं. खडे मिक्सरमधून काढले की हा फायदा संपला.

तेव्हा माप. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. भारतातली सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास आहे. घरात मोजायचा माझा उपाय फार सोपा: लोणची-पापडाचा हंगाम सोडून एरवी एक किलोची पिशवी किती दिवस पुरते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. चौघांच्या घरात महिन्याला एक किलो संपलं तर माणशी रोज ८ ग्रॅमहून थोडं जास्त झालं. ५ ग्रॅमवर यायचं तर तीच पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. आणि हे फक्त घरच्या डब्यातलं. बाहेरचा लीलो चेवडो, भाकरवडी, सेव-उसळीवरची मूठभर शेव, पाव, हे हिशेबात धरलेलंच नाही. वडोदऱ्यात राहून फरसाण सोडा असं मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी ऐकत नाही. पण ज्या दिवशी सेव-उसळ खाल्ली त्या दिवशी रात्रीच्या जेवणात लोणचं-पापड नको, एवढं सांगतो. लोणच्यात १५ टक्के मीठ धरलं तर १० ग्रॅमच्या फोडीतच दीड ग्रॅम मीठ गेलं, दिवसाच्या वाट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

कमी करताना एकदम अळणी करू नका. दोन दिवसांत यजमान ताटाशेजारी मिठाची वाटी मागतील आणि वरून पेरतील. महिन्याभरात हळूहळू उतरवा, जिभेला सवय होते. आमटीला आमसूल किंवा कोकम, कोशिंबिरीला लिंबू, भाजीला भाजलेल्या तिळाचं कूट घातलं की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. पोळीच्या कणकेतलं आणि भातातलं मीठ तर आजच बंद करता येईल. आंबट वरणाबरोबर भातात मीठ नव्हतं हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाजारात 'लो सोडियम' मीठही मिळतं. त्यात साधारण १५ ते ३० टक्के सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. हा प्रकार खरोखर उपयोगाचा आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. पण ताई, तुमच्या घरात ते आणण्याआधी थांबा. यजमान टेल्मिसार्टन घेतात. या जातीच्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठू शकतं, आणि मूत्रपिंड थोडं जरी मंद असेल तर वरून पोटॅशियमचं मीठ धोक्याचं ठरतं; थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. आधी डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या. ते हो म्हणाले तरच आणा. मधुमेही किंवा वयस्कर माणसांच्या घरात हे मीठ स्वतःच्या मनाने सुरू केलेलं मला अजिबात आवडत नाही.

सूनबाईंचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवलाय. गरोदरपणात आयोडीनची गरज रोज १५० मायक्रोग्रॅमवरून २५० वर जाते. ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. 'समुद्री मीठ म्हणजे आयोडीन आपोआप आलंच', हा समज फार पसरलेला आहे. साधा हिशेब मांडू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं आणि ३५ ग्रॅम क्षार. ते सगळंच्या सगळं मिठात उतरलं असं मानलं, जे कधीच होत नाही, तरी ग्रॅममागे पावणेदोन मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. आयोडीनयुक्त मिठात कायद्याने तुमच्या हातात येताना ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावं लागतं. मासे-अंडी खाणाऱ्या घरात थोडी भर तिथून पडते. तुमचं घर शाकाहारी असेल तर दूध आणि हे मीठ, मुख्य आधार एवढाच.

आयोडीन मिठात घालायची कल्पना कुणा कंपनीच्या डोक्यातून आलेली नाही. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी गावागावांत आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९८ मध्ये केंद्राने आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी केली, २००० मध्ये ती उठवली, आणि २००६ पासून पुन्हा लागू केली. म्हणजे नणंदबाईंच्या बरणीवर आयोडीनचा उल्लेख नसेल तर रोजच्या खाण्यासाठी ती विकणंच नियमात बसत नाही. आयोडीन लावलेलं खडे मीठही मिळतं. जाड दाणाच हवा असेल तर ते घ्या, पण धुऊन वापरू नका, कारण आयोडीन दाण्याच्या पृष्ठभागावरच असतं. थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून आयोडीनचं मीठ सोडणारेही पुष्कळ भेटतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय तसं करायची गरज नाही.

आयोडीन टिकवणं आपल्या हातात असतं. ओल, ऊन आणि आच यांनी ते उडतं. गॅसशेजारी उघडी वाटी ठेवू नका, घट्ट झाकणाचा डबा ठेवा, आणि आमटी-भाजीत मीठ शेवटी घाला. श्रावण-भाद्रपदात वडोदऱ्याची हवा अशी असते की डब्यातलं खडे मीठ पाणी सोडतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र तेहतीस-चौतीस टक्केही पुरतात. त्यामुळे कुठलं मीठ किती धुतलेलं आहे हे पावसाळ्यात आपोआप कळतं. फार पाझरणारं, जिभेवर कडवट लागणारं मीठ म्हणजे कडू पाणी नीट न काढलेलं मीठ. घरी आणखी एक करून बघा. काचेच्या ग्लासात दोन चमचे मीठ विरघळवा आणि तासभर हलवू नका. तळाशी राखाडी गाळ बसला तर माती आणि जिप्सम समजा. रिफाइंड मिठाचं पाणीही किंचित गढूळ दिसू शकतं, ते सुटं ठेवणाऱ्या पदार्थामुळे. त्याला घाबरू नका.

प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण दोन्हींत सापडतात. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांना २०१८ मध्ये बाजारातल्या मिठांत ते आढळले. समुद्रच मळला तर मीठ कसं सुटेल? या मुद्द्यावर कुठल्याही विक्रेत्याने स्वतःच्या बरणीला पवित्र ठरवू नये, एवढंच म्हणतो.

आता लोणचं. इथे मी पूर्णपणे नणंदबाईंच्या बाजूने आहे. खड्या मिठातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कैरीच्या सालीजवळचं पेक्टिन घट्ट धरतं, फोड करकरीत राहते. सुटं ठेवणारा पदार्थ नसल्याने खार गढूळ होत नाही. जाड दाणा हळू विरघळतो, त्यामुळे फोडींना पाणीही सावकाश सुटतं. मात्र खडे आधी निवडून घ्या, कढईत कोरडे भाजा म्हणजे ओल जाईल, गार झाल्यावर भरडा. आणि तोलून घाला. चमच्याने मोजाल तर कमी पडेल, कारण वर सांगितलेली दाण्यांमधली हवा इथे उलटी नडते. एकूण वजनाच्या १२-१५ टक्क्यांच्या खाली मीठ गेलं तर बरणीवर बुरशी यायला वेळ लागत नाही. उपवासाला सैंधव वापरता ते चालू राहू द्या, महिन्यातल्या दोन-चार दिवसांनी आयोडीनचा हिशेब बिघडत नाही. पण मे २०२५ पासून पाकिस्तानातून येणारा माल बंद आहे आणि आपल्याकडे खपणारं बहुतेक सैंधव तिकडच्या खाणीतलं असायचं. तेव्हा फार स्वस्तात, रंग लावल्यासारखं भडक गुलाबी सैंधव कुणी देत असेल तर चिमूटभर पाण्यात टाकून बघा. रंग पाण्यात पसरला तर ते परत करा.